काउबॉय व्हाया तिसगाव

आमच्या ऑफिसच्या वार्षिक पार्टीची थीम जाहीर झाली : 'वाइल्ड वेस्ट'. एचआरचा मेल आला, खाली ड्रेसकोड. हॅट, उंच बूट, चौकड्यांचा शर्ट, गळ्यात रुमाल, जमलं तर लॅसो. लॅसो म्हणजे काउबॉय लोक जनावराच्या गळ्यात दुरून फेकतात तो दोरीचा फास. (आमच्या अकाउंट्सवाल्यांना तो न शिकवताच येतो.) मी लगेच ऑनलाइन हॅट मागवली. आरशात बघितलं तर काउबॉय राहिला बाजूला, वीटभट्टीवरची मुकादमीण दिसत होते.

पार्टी नेमकी रंगपंचमीच्या संध्याकाळी. आणि शेजारच्या क्यूबिकलमधून आवाज आला, "मला नाही जमणार. मढीला जायचंय. गाढवं विकायचीत."

सगळा फ्लोअर हसला. मीही हसले. 'गाढवं' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर आधी बॉस येतो, मग क्लायंट, मग ती चार पायांची. पण हा हसला नाही. मॉनिटरकडे बघत राहिला. नंतर कॉफी मशीनपाशी हळूच म्हणाला, "खरंच विकायचीत गं. आण्णांची शेवटची दोन राहिलीत."

चार वर्षं आम्ही शेजारी बसतो. त्याचा ब्लड ग्रुप मला माहितीय, ईएमआय माहितीय, चहात साखर किती तेही माहितीय. वडील 'कॉन्ट्रॅक्टर' होते एवढंच त्यानं सांगितलं होतं. आता कळलं, की ते मातीकामावर होते. तळी, कालवे, रस्त्याचे भराव. माती वडार. घरात एकेकाळी चौदा गाढवं होती आणि याच्या इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांची फी त्यांच्या पाठीवरून आली होती.

"मी येऊ?" मी विचारलं.

"बायकोला विचारतो," तो म्हणाला. "म्हणजे, गाडीत जागा आहे का ते."

तर असं झालं, की ऑफिसमध्ये तीसेक काउबॉय जमले त्या दिवशी मी गाढवांच्या बाजारात होते.

आता जाता जाता त्या खऱ्या काउबॉयबद्दल थोडं, कारण नगरपर्यंतच्या रस्त्यात मी मोबाइलवर तेच वाचत होते. सिनेमानं आपल्याला असं भासवलंय, की अमेरिकेत शेकडो वर्षं नुसते काउबॉयच फिरत होते. प्रत्यक्षात १८६५ ला तिथलं यादवी युद्ध संपलं, टेक्ससमधले गुरांचे कळप हाकत रेल्वे स्टेशनपर्यंत न्यायचा धंदा भरभराटीला आला, आणि वीसेक वर्षांत आटोपलाही. १८७४ ला काटेरी तारेचं पेटंट निघालं, मोकळी कुरणं बंदिस्त झाली, रेल्वे दारात आली. पगार बेताचा, झोप जमिनीवर, आणि यातले बरेच जण मेक्सिकन किंवा कृष्णवर्णीय. खोगीर, फास, हॅट, सगळी विद्या मेक्सिकोच्या गुराख्यांकडून उचललेली. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर बिगारीच. पण या बिगाऱ्याचं त्या देशानं काय केलं बघा. त्याच्या खोगिराची म्युझियम झाली, त्याच्या दोरीची स्पर्धा झाली. नेवाडा राज्यातल्या एल्को नावाच्या लहानशा गावात १९८५ पासून काउबॉय कवितांचा मेळा भरतो. ऐन थंडीत, जानेवारीच्या अखेरीला, कारण तेव्हा रँचवर काम कमी असतं. खरोखर गुरं राखणारी माणसं तिथं येऊन स्वतःच्या कविता म्हणतात. शेजारी खोगीर बनवणारे, चामडं विणणारे कारागीर बसलेले असतात.

हे सगळं मी मोठ्यानं वाचून दाखवत होते. माझा शेजारी गाडी चालवता चालवता म्हणाला, "आमच्याकडे पण असतो की मेळा. फक्त हॅट नसते."

नगर आलं. नाव आता अहिल्यानगर, २०२४ पासून, पण तोंडातून अजून नगरच निघतं. हे शहर तसं घोड्यांचंच. घोडदळ रणगाड्यांवर बसलं तेव्हा त्यांची शाळा इथंच आली, आणि १९९४ पासूनचं रणगाड्यांचं म्युझियमही इथंच आहे. पाथर्डी रस्त्याला लागलं की डोंगरावर ती तीन मजली इमारत दिसते, जिला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात आणि जी खरं म्हणजे सलाबतखानाची कबर आहे. याच टापूत भातवडीला १६२४ साली मलिक अंबरनं मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र पाणी पाजलं. शहाजीराजे त्या लढाईत होते. हलकं सामान, चपळ तट्टं, दिसलं न दिसलं असा घोडेस्वार. काउबॉय जन्माला यायच्या दोन-अडीचशे वर्षं आधीची गोष्ट.

त्या काळातले दोन शब्द मला फार आवडतात. शिलेदार आणि बारगीर. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, बारगिराला ते सरकारातून मिळायचं. थोडक्यात शिलेदार म्हणजे फ्रीलान्सर आणि बारगीर म्हणजे कंपनीच्या लॅपटॉपवर काम करणारा. राजीनामा दिला की घोडा परत! तिसराही शब्द आहे, खोगीरभरती. खोगीर फुगावं म्हणून आत कोंबलेला काथ्याकूट. त्याचं उदाहरण द्यायला मी धजावत नाही, हा अंक ऑफिसातही येतो.

करंजीचा घाट चढून गेलं की करंजी, आणि मग तिसगाव. हायवेवरचं गाव. इतर वेळी इथून जाणारा माणूस चहाला थांबतो आणि पुढे पाथर्डीला निघतो. पण फाल्गुनात तिसगावचा नूर वेगळा असतो. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीची यात्रा, आणि तिकडे वळायचा फाटा इथं. टेम्पो, जीप, ट्रॅक्टर, एसटी. उंच रंगीत काठ्या घेतलेली माणसं रस्त्याच्या कडेनं चाललेली. एका टपरीवर भजी खाताना शेजारच्या बाकावरच्या मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. माझ्या डोक्यावर ती हॅट होती. उन्हासाठी घातली होती, खरंच.

"कुठल्या पार्टीच्या म्हणायच्या?" मावशी.

"पुण्याच्या," मी.

"मग बराबर," म्हणाल्या आणि चहाकडे वळल्या.

मढी तिसगावपासून जवळच, गर्भगिरीच्या डोंगरावर. कानिफनाथांची समाधी. लांबून देऊळ वाटतच नाही, किल्ला वाटतो. तशी तटबंदी, तसे दरवाजे. परंपरा असं सांगते, की शाहू महाराजांची मोगलांच्या कैदेतून सुटका व्हावी म्हणून येसूबाईंनी इथं नवस बोलला आणि सुटका झाल्यावर हे बांधकाम झालं. दगड चढवले कुणी? गोपाळ समाजानं. म्हणून इथल्या होळीचा मान आजही गोपाळांचा. बांधकामाला हात लावणाऱ्यांत वैदू, बेलदार, कैकाडी, कोल्हाटी, वडार, कुंभार, असे अठरापगड भटके लोक होते असं सांगतात. या जागेला 'भटक्यांची पंढरी' म्हणतात ते त्यामुळे. ज्यांना कुठल्याच गावाच्या वेशीत कायमची जागा नव्हती त्यांची वर्षातून एकदा भेटायची ही जागा. सोयरिकी इथं जमायच्या, भांडणं इथं मिटायची, जनावरं इथं विकली जायची.

समाधीला आणखी एक नाव आहे, शाह रमजान माहीसवार. दोन्ही नावांनी लोक येत आलेत. माही म्हणजे मासा. गोदावरी माशावर बसून ओलांडली म्हणून माहीसवार. घोड्यांवर लेख लिहायला निघालेली मी, तर गाठ पडली माशावरच्या स्वाराशी! (२०२५ च्या यात्रेआधी इथल्या ग्रामसभेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करणारा ठराव झाला आणि प्रशासनानं तो रद्द केला, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेलच.) यात्रेच्या काळात मढीच्या घरांत तळण होत नाही, लग्नकार्य होत नाही, पलंगावर कुणी झोपत नाही. प्रसाद मात्र गोड. रेवड्या. माझ्या पर्समध्ये अजून दोन चिकटलेल्या आहेत.

सगळं गोडच असं समजू नका. शेजाऱ्याची बायको गाडीतून उतरली आणि पायरीपाशीच थांबली. तिच्या मावशीचं लग्न इथं पंचांपुढे मोडलं होतं. मावशीला बोलायची परवानगीच नव्हती. इथं वर्षानुवर्षं जातपंचायती बसायच्या. दंड, वाळीत टाकणं, सगळं. २०१६ ला महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, पुढच्या वर्षी तो लागू झाला. "मी दर्शनाला येते," ती म्हणाली, "पण त्या झाडाखाली मी अजून बसत नाही." कोणतं झाड ते मी विचारलं नाही.

आणि मग बाजार.

तुम्ही घोडेबाजाराचे फोटो पाहिले असतील. आपल्याकडचा सगळ्यात चकचकीत सारंगखेड्याचा, नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठावर, दत्तजयंतीला. शेकडो वर्षांचा जुना बाजार, आणि गेल्या काही वर्षांपासून 'चेतक फेस्टिव्हल' या नावानं पर्यटकांसाठी सजवलेला. तंबू, लाइट्स, घोड्यांचा नाच. मारवाडी, काठेवाडी, पांढराशुभ्र गुलाबी कातडीचा नुकरा. चारी पाय आणि कपाळ पांढरं असेल तर तो पंचकल्याणी. गळ्याखाली केसांचा भोवरा असेल तर देवमण, म्हणजे शुभ, किंमत वर. डोळ्याखाली भोवरा असेल तर अशुभ, गिऱ्हाईक पळालं. कुंडली बघून लग्न ठरवणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळं समजवायला नको. तिथं एकेका घोड्याची किंमत कोटीत सांगतात आणि मालक म्हणतो विकायचाच नाही. मी तिथं गेलेय, मजा येते, जरूर जा. पण तिथला घोडा लग्नात नाचतो किंवा फार्महाउसवर उभा राहतो. त्याच्यावर कुणाची चूल अवलंबून नसते. सिनेमातला काउबॉय बघायचा तर सारंगखेडा. एल्कोच्या कवितांमधला, पाठ दुखणारा काउबॉय बघायचा तर मढी.

मढीला लाइट्स नाहीत. धूळ आहे. मोकळ्या रानात दोऱ्यांना बांधलेली गाढवं, ओळीनं, करडी, तपकिरी, पांढरट. गावरान लहान चणीची. गुजरातकडून ट्रकमधून आलेली काठेवाडी, उंच आणि दणकट. गुजरातच्या दोन जाती, पांढरी हालारी आणि करडी कच्छी, सरकार दरबारी रीतसर नोंदलेल्या आहेत. गाढवाला असं बायोडेटासकट ओळखपत्र मिळतं हे मला माहीत नव्हतं. चांगल्या काठेवाडीला किती पडतात? तुमच्या हातात जो महागडा फोन आहे ना, साधारण तेवढे. आणि त्या गाढवाची बॅटरी वीस-पंचवीस वर्षं चालते.

आण्णा दोन दिवस आधीच आले होते. जनावरं 'छोट्या हत्ती'तून आणली. म्हणजे टेम्पोतून. गाढव हत्तीवर बसून आलं, हा विनोद मी मनातच ठेवला. पासष्टीचे असतील. पांढरा शर्ट, डोक्याला गमछा, पाय मात्र बघण्यासारखे. एवढे रुंद पाय मी आधी कुणाचे बघितले नव्हते. लेकानं ओळख करून दिली, "आण्णा, ऑफिसातली." त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या हॅटकडे बघितलं. "ऊन लागत न्हाई व्हय?" म्हणाले. पहिलाच माणूस ज्याला त्या हॅटचा खरा उपयोग कळला.

गाढवाचं वय दातांवरून. पक्के दात आलेच नसतील तर कोरा. दोन आले तर दुवान, चार आले तर चौवान, सगळे आले तर अखंड. गिऱ्हाईक येतं, सरळ ओठ वर करून दात बघतं. मग पाय, खूर, पाठ. पाठीवर जुन्या जखमेचा पांढरा डाग असेल तर मालकानं गोण नीट टाकली नाही हे कळतं. म्हणजे माल विकणाऱ्याचाही सीव्ही त्याच पाठीवर लिहिलेला. आण्णांच्या दोन्ही गाढवांच्या पाठी कोऱ्या होत्या. तीन जणांनी हात फिरवून बघितलं आणि तिघांनीही आण्णांकडे एकदा नीट बघितलं. आपल्या ऑफिसात पाठीवर थाप मारतात, तिथं पाठीवरून हात फिरवतात. फरक आहे.

ही गोण टाकायची एक कारागिरी आहे आणि तिच्यावर कुणी म्युझियम काढणार नाही, म्हणून मी इथं लिहिते. आधी पाठीवर जाड घोंगडीची घडी. ती मानेच्या उंचवट्यापासून थोडी मागे. मग दोन तोंडांची गोण, मधला भाग कण्यावर न टेकता बरगड्यांवर बसेल अशी. दोन्ही बाजूंना वजन सारखं. एका बाजूला एक घमेलं जास्त झालं तर दहाव्या खेपेला पाठ सोलते. गोण शिवणारी घरातली बाई, दोर वळणारा घरातला म्हातारा. पूर्वी अंबाडीचे दोर, आता नायलॉन. "नायलॉन तुटत न्हाई," आण्णा म्हणाले, "पर कातडं कापतो." तोंडावर बांधायची मोरखी मात्र त्यांच्याकडची जुनी होती. लाल-काळ्या लोकरीची, मध्ये तीन कवड्या. बायकोनं विणलेली. ती जाऊन सहा वर्षं झाली.

बाजाराच्या कडेला घिसाडी बसलेले, भात्यावर खुरपी, विळे ठोकत. कैकाड्यांच्या टोपल्या. घुंगरं, दावी, गोंडे. परदेशात या सगळ्याला 'वेस्टर्न क्राफ्ट' म्हणून चामड्याच्या वासाच्या दुकानात मांडतात. इथं पथारीवर. मी एक गोंडा घेतला, सध्या तो माझ्या कारच्या किल्लीला आहे आणि ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी गोव्याहून आणला.

गाढव हट्टी असतं, हे मी आण्णांना विचारलं. (कॉलमवालीनं बावळट प्रश्न विचारायचेच असतात.) ते हसले. घोडा घाबरला की पळतो, गाढव घाबरलं की उभं राहतं, एवढंच. "पुढं काय हाय ते बगितल्याबिगर पाय टाकत न्हाई. ते शानं, का पळत सुटनारं शानं?" आणि एकदा वाट दाखवली की माणूस लागत नाही. खाणीपाशी भरून सोडायचं, भरावापाशी दुसरा माणूस रिकामं करतो, ते आपलं आपण परत येतं. बहात्तरच्या दुष्काळात आण्णा बारा वर्षांचे होते. दुष्काळी कामावर पाझर तलावाची माती त्यांनी अशी वाहिली. नंतर कालवे. त्यांच्या हिशेबात नगर जिल्ह्यातला नकाशाच वेगळा आहे. या बंधाऱ्याला नऊ गाढवं, त्या तळ्याला बारा.

इतिहासात माणसाळण्याच्या रांगेतही गाढव घोड्याच्या पुढे आहे. पूर्व आफ्रिकेत सुमारे सात हजार वर्षांपूर्वी ते माणसाळलं, असं २०२२ ला प्रसिद्ध झालेला जनुकांचा अभ्यास सांगतो. पण आपल्या भाषेनं त्याला काय दिलं? शिवी. गाव उद्ध्वस्त करायचं तर गाढवाचा नांगर, पुण्यानं तो मुरार जगदेवाच्या वेळी भोगलाय. दान मोडणाऱ्याला शाप द्यायचा तर दगडावर गाढव कोरायचं, शिलाहारांच्या काळातले असे गद्धेगाळ कोकणात आजही सापडतात. अडला हरी त्याचे पाय धरतो, म्हणजे त्यातही कौतुक हरीच्या अडचणीचं. एक अपवाद, 'नवनाथ भक्तिसार'. त्यात विक्रम राजाचा बाप हा शापानं गाढव होऊन कुंभाराच्या घरी राहिलेला गंधर्व आहे. नाथांच्या पोथीत त्याची सोय लागली, ती बाकी कुठं नाही. कादंबऱ्या वगैरे राहू द्या, पण लक्ष्मण माने यांचं 'उपरा' वाचा, १९८० चं. सगळं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर कसं चालतं ते त्यात आहे. कॉलेजात मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं.

घोड्याचंही आपण फार काही केलंय अशातला भाग नाही. भीमथडीचं तट्टू ऐकलंय ना? राज्यगीतात येतं, आपण उभे राहून म्हणतो. डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत जाऊन पिठलं-भाकरी खातो, कुर्ते घेतो. पण खरं भीमथडी तट्टू किती जणांनी पाहिलंय? मी नव्हतं पाहिलं. ते अजून आहे, धनगरांच्या वाड्यांबरोबर चालतं, पाठीवर संसार आणि कोकरं घेऊन. मराठ्यांच्या घोडदळातल्या त्या चिवट जातीला स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली ती २०२३ साली. येताना पाथर्डी रस्त्यावर मेंढरांच्या कळपापुढे एक चाललेलं दिसलं. मी ओरडले, "भीमथडी!" शेजाऱ्यानं घाबरून ब्रेक मारला.

आता मुद्द्याचं. २०१२ च्या पशुगणनेत देशात गाढवं होती सुमारे ३ लाख २० हजार. २०१९ ला उरली १ लाख २० हजार. सात वर्षांत ६१ टक्के घट. घोडे आणि तट्टं ६ लाखांवरून साडेतीन लाखांच्या आत आले. कारणं समजायला कठीण नाहीत. जेसीबी, ट्रॅक्टर, चराई बंद. वीटभट्टीवर अजून लागतात, डोंगरातल्या कामाला लागतात, नदीतली वाळू काढायला लागतात (त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं). पण दुसरंही एक कारण आहे आणि ते बाजारात कुणी मोठ्यानं बोलत नाही. चीनमध्ये गाढवाच्या कातडीपासून जिलेटिन काढतात, एजियाओ, त्याची औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं होतात. त्यासाठी जगभरातून कातडी जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकन युनियननं कातडीसाठी गाढवं मारायला बंदी घातली. आपल्याकडूनही चोरट्या वाटेनं माल जातो, असं 'ब्रुक इंडिया' या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात आलंय. शिवाय मांसासाठी वेगळी वाहतूक. म्हणजे माझ्या-तुमच्यासारखीच कुणी ऑफिसवाली 'अँटी-एजिंग' म्हणून काहीतरी विकत घेते, आणि इकडे एक दोर सुटतो.

म्हणून आण्णांचा सौदा लांबला. दुपारी एक जण आला. कपडे बरे, मोटरसायकल बरी. दात बघितले नाहीत. पाठ बघितली नाही. थेट म्हणाला, "दोन्हीचं काय?" आणि त्यानं सांगितलेला आकडा इतरांपेक्षा चांगलाच वर होता. माझ्या शेजाऱ्यानं आण्णांकडे बघितलं. त्याचा चेहरा मला ओळखीचा होता, अप्रेझलच्या मीटिंगमधला. आण्णांनी विचारलं, "काम काय हाय?" माणूस म्हणाला, "हाये काम." आण्णा म्हणाले, "काय काम?" तो हसला, मग निघून गेला. कुणी कुणावर आरोप केला नाही. मला तर तो माणूस कोण होता हेही माहीत नाही, साधा दलालही असेल. पण जो गाढवाचे दात बघत नाही त्याला त्याच्या वयाशी कर्तव्य नाही, एवढं मलाही कळलं होतं.

शेजारी चिडला. "आण्णा, पैशे कशाला सोडता?" तो ऑफिसात शुद्ध बोलतो, इथं त्याचं 'पैशे' झालं होतं. आण्णा काही बोलले नाहीत. गाढवाच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, "तुला फी कुनी दिली?" बस्स. सूनबाई दुसरीकडे बघायला लागली, मीही.

संध्याकाळी उन्हं कलताना एक कुंभार आला, बीडकडचा. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी. त्यानं दात बघितले, पाठीवर हात फिरवला, पुढचे पाय उचलून खूर बघितले, दोन्ही गाढवांना चालवून बघितलं. मुलीनं मोरखीतल्या कवड्या मोजल्या. मग आण्णांनी खांद्यावरचा गमछा काढून दोघांच्या हातांवर टाकला. त्याखाली बोटं. जनावरांच्या बाजारात भाव असा ठरतो, गमछ्याखाली, तोंडानं नाही. बाहेरच्याला कळत नाही. मी डोळे फाडून बघत होते, फक्त कापड हलत होतं. दोनदा आण्णांनी मान नाही म्हणून हलवली, एकदा कुंभारानं. मग कापड थांबलं. दुपारच्या माणसाच्या आकड्यापेक्षा कमी, हे मला नंतर गाडीत कळलं. किती कमी ते शेजाऱ्यानं सांगितलं नाही, पण पुढचे दहा किलोमीटर तो गप्प होता.

कुंभारानं स्वतःचे दोर आणले होते. आण्णांनी आपले दोर सोडले, गुंडाळून खांद्यावर टाकले. मोरखीही सोडायला हात घातला. मुलगी बघत होती. आण्णांचा हात थोडा वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी गाठ पुन्हा आवळली आणि तिला म्हणाले, "पावसात भिजू दिऊ नको. लोकर हाय."

गाढवं गेली. मागे वळून वगैरे बघितलं नाही त्यांनी. वाट दाखवली होती, निघाली.

परत येताना तिसगावात पुन्हा त्याच टपरीवर थांबलो. अंधार पडला होता. ऑफिसच्या ग्रुपवर फोटो येत होते. प्लास्टिकची पिस्तुलं, पुठ्ठ्याचे कॅक्टस, अकाउंट्सच्या हेडनं बॉसच्या गळ्यात टाकलेला लॅसो. बेस्ट काउबॉयचं बक्षीस आयटी सपोर्टला. मी फोन शेजाऱ्याला दाखवला, तो पहिल्यांदा हसला. आण्णांनाही दाखवला. त्यांनी फोन लांब धरून बराच वेळ बघितलं. "घोडं कुठाय?" म्हणाले.

करंजीच्या घाटात आण्णांचा डोळा लागलाय असं आम्हाला वाटलं. मागच्या सीटवर ते आणि मी, मध्ये गुंडाळलेले दोर. नगरचे दिवे दिसायला लागले तसे ते उठून बसले. खिशातून चिठ्ठी काढली, त्यावर कुंभाराचा नंबर. लेकाला म्हणाले, "जरा लाव."

लागला. पलीकडे टेम्पोचा आवाज येत होता.

"आण्णा बोलतोय," ते म्हणाले. "पानी प्याली का?"